न्यूरोसायन्स परिषदेला पोस्टर पाठवायचंय? तयारी ॲब्स्ट्रॅक्टपासूनच सुरू करा

माझ्या पहिल्या पोस्टरसमोर थांबलेल्या पहिल्या माणसाने शीर्षक वाचलं, थेट तिसऱ्या ग्राफवर बोट ठेवलं आणि विचारलं, "पेशी १४३ आहेत, ते कळलं. प्राणी किती?"

प्राणी तीन होते. पोस्टरवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग तुमचा एन तीन आहे," आणि पुढच्या बोर्डाकडे वळला. एन म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या. त्याच्या बोलण्यात जराही उर्मटपणा नव्हता. त्याने विचारलेला प्रश्न आम्ही स्वतःला काही महिने आधी, ॲब्स्ट्रॅक्ट (परिषदेला पाठवायचा कामाचा सारांश) लिहितानाच विचारायला हवा होता, एवढंच.

तेव्हापासून मी आणि माझ्या लॅबमधली मुलं पोस्टरचं काम उलट्या टोकाने सुरू करतो. बोर्डासमोर एक अनोळखी, हुशार, घाईत असलेला माणूस उभा आहे असं धरायचं. त्याला दोन मिनिटांत काय सांगणार आणि तो काय विचारणार, हे आधी ठरवायचं. ॲब्स्ट्रॅक्ट, फॉर्म, ग्राफ, छपाई हे सगळं त्यानंतर. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने. पहिल्यांदाच पोस्टर पाठवणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण तिसऱ्या-चौथ्या वेळीही यातल्या काही गोष्टी हातून सुटतात.

परिषद कोणती?

न्यूरोसायन्समध्ये परिषदांचे स्वभाव फार वेगवेगळे आहेत. सोसायटी फॉर न्यूरोसायन्स ही संस्था १९६९ साली स्थापन झाली, तिची पहिली वार्षिक परिषद १९७१ मध्ये वॉशिंग्टनला भरली. आज तिथे वीस हजारांहून जास्त माणसं येतात आणि पोस्टरांच्या रांगा एका टोकाकडून दुसरं टोक दिसणार नाही इतक्या लांब असतात. तिथे ॲब्स्ट्रॅक्ट पाठवायचं तर सदस्य असावं लागतं, नाहीतर एखाद्या सदस्याने तुम्हाला पुरस्कृत करावं लागतं. युरोपातल्या न्यूरोसायन्स संस्थांचा महासंघ, म्हणजे फेन्स, दर सम वर्षी उन्हाळ्यात फोरम भरवतो. २०२२ ला तो पॅरिसला होता, २०२४ ला व्हिएन्नाला. माणसाच्या मेंदूचं इमेजिंग करत असाल, तर ऑर्गनायझेशन फॉर ह्युमन ब्रेन मॅपिंगची परिषद तुमची. संगणकीय प्रारूपं आणि मज्जासंस्थेतलं माहितीचं गणित हा विषय असेल तर कोसाइन, जी २००४ पासून भरते. कोसाइनला छोट्या सारांशाबरोबर दोन पानांचा मजकूर मागतात आणि तिथे खरोखर चाळण लागते. मोठ्या परिषदांत मात्र नियमांत बसणारी बहुतेक ॲब्स्ट्रॅक्ट स्वीकारली जातात.

माझं मत विचाराल तर पहिलं पोस्टर लहान परिषदेत लावावं. दोनशे माणसांच्या बैठकीत तुमच्याच विषयातले पंधरा जण तुमच्यासमोर येऊन उभे राहतात. वीस हजारांच्या सभागृहात तेच पंधरा जण त्याच वेळी चार वेगवेगळ्या सत्रांत अडकलेले असू शकतात. मोठ्या परिषदेचा फायदा वेगळा आहे: जिथे पुढे पोस्टडॉक करायचं त्या लॅबमधली माणसं तिथे हमखास भेटतात.

एक सावधगिरी. तुमच्या नावाने ईमेल येतो, तुम्हाला प्रमुख वक्ते म्हणून बोलावलेलं असतं, विषय कोणताही चालतो आणि स्वीकृती दोन दिवसांत मिळते. अशा परिषदेच्या वाटेला जाऊ नका. आयोजक कोणती विद्वत्संस्था आहे, गेल्या वर्षीचा कार्यक्रम उघडता येतो का, त्यातली माणसं तुम्ही वाचलेल्या पेपरांची लेखक आहेत का, एवढं पाहिलं तरी खरं-खोटं दहा मिनिटांत कळतं.

आधी कोणाकोणाला विचारायचं

ॲब्स्ट्रॅक्टच्या मुदतीआधी किमान तीन आठवडे गाईडशी बोला. प्रश्न फक्त "पाठवू का?" एवढा नसावा. कोणते निकाल बाहेर दाखवायचे, कोणते नाहीत, पहिलं नाव कोणाचं, स्कॅनरवर मदत करणाऱ्याचं नाव लेखकांत येणार की आभारात, हे सगळं त्याच बैठकीत ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. वाद होण्याआधीच ते सगळ्यांसमोर ठेवले की पुढची कटुता टळते. बऱ्याच ठिकाणी मुदत संपल्यावर लेखकांची यादी बदलता येत नाही.

नवं उपकरण, रेणू किंवा अल्गोरिदम असेल आणि पेटंटचा विचार असेल, तर संस्थेच्या बौद्धिक संपदा विभागाला ॲब्स्ट्रॅक्ट पाठवण्याआधी दाखवा. छापलेलं ॲब्स्ट्रॅक्ट हा सार्वजनिक खुलासा धरला जातो आणि अनेक देशांत त्यानंतर पेटंटचा दरवाजा बंद होतो. प्राणी किंवा माणसांवरच्या प्रयोगांसाठी नैतिक समितीच्या मंजुरीचा क्रमांकही हाताशी ठेवा, कारण बहुतेक फॉर्ममध्ये तो किंवा त्याबद्दलचं घोषणापत्र मागतात.

एक वाक्य

कोऱ्या कागदावर तुमच्या निष्कर्षाचं एक वाक्य लिहा. त्यात क्रियापद हवं आणि दिशा हवी. "झोप आणि स्मृती यांचा अभ्यास" हे वाक्य नाही, ते फाईलचं नाव झालं. "शिकल्यानंतरचे पाच तास जागं ठेवलं तर उंदरांना वस्तूची जागा दुसऱ्या दिवशी आठवत नाही" हे वाक्य आहे. ते खोटं ठरू शकतं, म्हणूनच त्यावर बोलता येतं.

हेच उदाहरण पुढे सगळीकडे वापरते. प्रयोगाची पद्धत नेहमीच्या वापरातली आहे, आकडे मात्र उदाहरणापुरते. उंदराला पेटीत दोन सारख्या वस्तू दाखवायच्या, दुसऱ्या दिवशी त्यातली एक हलवायची. जागा आठवत असेल तर उंदीर हललेल्या वस्तूपाशी जास्त वेळ हुंगत राहतो. आठवत नसेल तर दोन्हीकडे सारखा वेळ, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या आसपास.

हे एक वाक्य लिहायला माझ्या अनुभवात अख्खी दुपार जाते. लिहून झालं की लॅबमधल्या दुसऱ्या विषयावर काम करणाऱ्याला वाचून दाखवा. तो "म्हणजे?" म्हणाला तर वाक्य अजून कच्चं आहे. "कशावरून?" म्हणाला तर ते तयार झालं, कारण पोस्टरने त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

ॲब्स्ट्रॅक्ट

आधी मर्यादा वाचा. काही ठिकाणी शब्द मोजतात, काही ठिकाणी अक्षरं, आणि रिकाम्या जागा धरायच्या की नाही हेही परिषदेगणिक बदलतं. ब्रेन मॅपिंगच्या परिषदेत प्रस्तावना, पद्धती, निकाल आणि निष्कर्ष यांचे वेगळे रकाने असतात आणि आकृत्याही जोडता येतात. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सला सलग मजकूर लागतो. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणी तसंच चिकटवू नका.

सलग मजकुराचं माझं वाटप असं असतं. पार्श्वभूमीला दोन वाक्यं, त्यापेक्षा जास्त नाही. मग एक वाक्य उणिवेचं: कशाचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं. पद्धत तीन-चार वाक्यांत. उरलेली जवळजवळ अर्धी जागा निकालांना. शेवटी एक वाक्य, की यावरून काय समजतं. नवखे लेखक अर्धी जागा अल्झायमर किंवा नैराश्य किती गंभीर आहे हे सांगण्यात घालवतात. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं, तो तुमच्या निकालांपर्यंत पोचायची वाट पाहत असतो.

आता हे वाचा:

"निद्रेचा स्मृतीवर होणारा परिणाम वर्तन चाचणीद्वारे तपासण्यात आला. प्राथमिक निकालांवरून दोन गटांत लक्षणीय फरक दिसतो. त्याच्या परिणामांची चर्चा पोस्टरमध्ये करण्यात येईल."

तीन वाक्यं झाली आणि हातात काहीच आलं नाही. कोणता परिणाम, किती फरक, कोणत्या दिशेने? तेच असं लिहिता येतं:

"प्रशिक्षणानंतर लगेच पाच तास हलक्या हाताळणीने जागे ठेवलेल्या उंदरांनी दुसऱ्या दिवशी हुंगण्याच्या एकूण वेळेपैकी ५१ टक्के वेळ हललेल्या वस्तूपाशी घालवला, झोपू दिलेल्या उंदरांनी ६४ टक्के. प्रत्येक गटात १२ उंदीर, ६ नर आणि ६ मादी. चित्रण तपासणाऱ्याला गट माहीत नव्हता."

लांबी थोडीच वाढली, पण चाळणाऱ्याला आणि पुढे कार्यक्रमात तुमचा पोस्टर शोधणाऱ्याला हवं ते सगळं यात आहे. नर-माद्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून प्राण्यांचं लिंग हा जैविक घटक म्हणून विचारात घ्यायला सांगितलं आहे आणि बोर्डासमोर हा प्रश्न हटकून येतो.

"चर्चा करण्यात येईल" हे शब्द ॲब्स्ट्रॅक्टमधून कायमचे काढून टाका. त्याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे अजून न झालेल्या प्रयोगाचा निकाल गृहीत धरून लिहिणं. ॲब्स्ट्रॅक्ट आणि परिषद यांत पाच-सहा महिने असतात, तोवर डेटा येईल असं वाटतं. कधी येतो, कधी इलेक्ट्रोड निघून येतात, कधी निकाल उलटा येतो. हातात आहे तेवढंच लिहा. मधल्या काळात जे मिळेल ते पोस्टरवर घालता येतं, त्याला कोणाची हरकत नसते.

शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. वर लिहिलेलं एक वाक्य थोडं आवळलं की शीर्षक तयार. संक्षेप टाळा, द्व्यर्थी शब्दखेळ टाळा. कार्यक्रमाच्या ॲपमध्ये लोक मेंदूचा भाग, प्राणी आणि तंत्र यांच्या नावाने शोधतात, ती नावं शीर्षकात पूर्ण असू द्या.

एन किती, हे आत्ताच ठरवा

इथे जरा थांबते, कारण आमच्या विषयात सगळ्यात जास्त पोस्टर इथेच कोसळतात.

एका उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधून, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागातून, तुम्ही पन्नास पेशी नोंदवल्या. त्या पन्नास पेशी एकाच प्राण्याच्या आहेत: तोच मेंदू, तीच शस्त्रक्रिया, तोच दिवस. त्या एकमेकींसारख्या वागणारच. त्यांना पन्नास स्वतंत्र साक्षीदार धरून पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली तर ती फसवी निघते. प्रमाण त्रुटी काढताना प्रमाण विचलनाला एनच्या वर्गमुळाने भागतात. एन १४३ धरला तर भाजक सुमारे १२, एन ३ धरला तर सुमारे १.७. ग्राफवरच्या त्या सुबक, आखूड त्रुटी-रेषा बऱ्याचदा याच भागाकारातून आलेल्या असतात.

उपाय दोन. साधा उपाय म्हणजे प्रत्येक प्राण्याची एक सरासरी काढून त्या सरासऱ्यांची तुलना करणं. दुसरा म्हणजे मिश्र-परिणाम प्रारूप, ज्यात कोणती पेशी कोणत्या प्राण्याची हे गणिताला सांगितलेलं असतं. कोणताही निवडा, पण ॲब्स्ट्रॅक्टमध्येच लिहा: "४ उंदरांतल्या १२० पेशी". दोन्ही आकडे, एकाच वाक्यात. हेच मेंदूच्या कापांबद्दल आणि एकाच माणसाच्या अनेक चाचण्यांबद्दलही.

इमेजिंग करणाऱ्यांचा सापळा वेगळा आहे आणि तो दाखवून देणारं काम पोस्टर म्हणूनच लोकांसमोर आलं. २००९ साली ब्रेन मॅपिंगची परिषद सॅन फ्रान्सिस्कोला भरली होती. क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूतली सक्रियता टिपणाऱ्या एफएमआरआय स्कॅनरमध्ये अटलांटिक सामन मासा ठेवला होता, मेलेला. त्याला माणसांचे वेगवेगळ्या सामाजिक प्रसंगांतले फोटो दाखवले आणि नेहमीचं विश्लेषण चालवलं. हजारो व्हॉक्सेलवर (चित्रातल्या छोट्या घन ठोकळ्यांवर) एकाच वेळी चाचणी केली आणि बहुतुलनांची दुरुस्ती, म्हणजे इतक्या चाचण्यांत योगायोगाने येणाऱ्या खोट्या निकालांसाठीची दुरुस्ती, केली नाही, तेव्हा पी-व्हॅल्यूला ०.००१ ची मर्यादा लावूनही माशाच्या मेंदूत काही व्हॉक्सेल सक्रिय दिसले. दुरुस्ती केल्यावर एकही उरला नाही. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. तुमच्या मेंदूच्या चित्राखाली कोणती मर्यादा लावली आणि दुरुस्ती कशी केली हे लिहिलेलं नसेल, तर समोरच्याला तो मासा आठवणारच.

फॉर्म भरताना

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुका महाग पडतात. मुदतीची वेळ कोणत्या टाइमझोनमधली आहे ते पाहा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ हमखास मंदावतं, म्हणून आदल्या दिवशीच पाठवा. मायक्रो, बीटा, डेल्टा अशी ग्रीक चिन्हं फॉर्ममध्ये चिकटवल्यावर कधी कधी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन होऊन बसतात. मायक्रोमीटरचं मीटर झालेलं मी छापील स्वरूपात पाहिलंय. पूर्वावलोकन उघडून एकेक आकडा मूळ मजकुराशी ताडून पाहा.

विषयाचा गट निवडताना घाई करू नका, कारण तुमच्या शेजारी कोणाचे बोर्ड येणार ते यावरून ठरतं. आमच्या उदाहरणातलं काम "झोप" या गटात जाऊ शकतं आणि "शिकणं व स्मृती" यातही. ज्या गटातल्या लोकांचे प्रश्न तुम्हाला जास्त उपयोगी पडतील तो निवडा. शक्य असेल तर गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात तुमच्यासारखी कामं कुठे लागली होती ते पाहून घ्या.

सादर करणारा लेखक म्हणून जो खरोखर जाणार आहे त्याचंच नाव द्या. काही परिषदांत एका व्यक्तीला एकच ॲब्स्ट्रॅक्ट सादर करता येतं. शुल्क भरल्याची पावती आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. प्रवास अनुदानाची मुदत पुष्कळदा ॲब्स्ट्रॅक्टच्या आसपासच असते, तेव्हा ते काम स्वीकृतीपर्यंत ढकलू नका. व्हिसा लागणार असेल तर स्वीकृतीचं पत्र हाती येताच निमंत्रणपत्र मागवा.

पोस्टर बनवणं

पहिलं काम: बोर्डाचं माप आणि दिशा. ए-झिरो कागद ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर असतो. अमेरिकेतले बोर्ड बहुधा आडवे, युरोपातले बहुधा उभे. सूचनापत्रातलं माप बोर्डाचं आहे की पोस्टरचं, तेही पाहा. आडवं पोस्टर उभ्या बोर्डावर लावलं तर ते शेजाऱ्याच्या हद्दीत जातं आणि मग पिना नाही, तुमचे हातच ते धरून ठेवतात.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने पोस्टरचा एक नवा साचा मांडला: मधोमध मोठ्या अक्षरांत साध्या भाषेतला निष्कर्ष, कडेला बारीक तपशील, एक क्यूआर कोड. तो खूप पसरला. त्यातला मोठ्या अक्षरांतला निष्कर्ष मी दर वेळी घेते. पण मधली सगळी जागा फक्त शब्दांना द्यायला माझं मन तयार होत नाही. आमच्या विषयातली माणसं मूळ नोंद पाहायला येतात: कच्चा सिग्नल, एका पेशीची स्पाइक्स (विद्युत स्पंदनं), एका प्राण्याचा मार्ग. म्हणून वर निष्कर्षाचं वाक्य, त्याखाली मधोमध तो सिद्ध करणारी एकच मोठी आकृती, डावीकडे प्रश्न आणि पद्धत, उजवीकडे नियंत्रण प्रयोग आणि पुढचे प्रश्न, ही मांडणी मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. मूळ ॲब्स्ट्रॅक्ट पोस्टरवर चिकटवू नका, ते कार्यक्रमात छापलेलंच असतं.

प्रत्येक आकृतीला वाक्याचं शीर्षक द्या. "निकाल ३" याऐवजी "जागे ठेवलेल्या उंदरांची हालचाल कमी झाली नव्हती". येणारा माणूस फक्त ही वाक्यं वाचत गेला तरी त्याला गोष्ट कळायला हवी.

स्तंभालेख शक्यतो टाळा. प्रत्येक उंदराचा एक ठिपका दाखवा, वरून सरासरीची रेष. बारा ठिपके दिसले की एन विचारायची गरजच उरत नाही आणि एखादाच भलता उंदीर सगळा फरक घडवतोय का हेही उघड दिसतं. त्रुटी-रेषा प्रमाण विचलनाची, प्रमाण त्रुटीची की ९५ टक्के विश्वासांतराची, हे ग्राफखालीच लिहा. आमच्या उदाहरणात पन्नास टक्क्यांवर एक तुटक रेघ हवीच, नाहीतर ५१ चा अर्थ कोणालाच लागणार नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात "चाळीसपट" असं लिहू नका, चित्र मोठं केलं की ते खोटं ठरतं. मापपट्टी घाला. कोणता रंग कोणत्या प्रथिनाचा ते चित्रावरच त्या रंगात लिहा. लाल-हिरव्याऐवजी मॅजेंटा आणि हिरवा घ्या. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, म्हणजे बारा जणांतल्या एकासाठी दोन प्रथिनं एकाच जागी असल्याचं दाखवणारं तुमचं चित्र फक्त करडा डाग असतं. तीव्रतेच्या नकाशांसाठी इंद्रधनुषी जेट रंगपट्टी सोडून द्या, ती जिथे कडा नाही तिथेही कडा दाखवते. पायथनमध्ये ग्राफ काढायच्या मॅटप्लॉटलिब या साधनानेही २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत तिच्या जागी विरिडिस ही रंगपट्टी आणली.

मेंदूच्या कापाच्या चित्रावर डावं-उजवं लिहायला विसरू नका. रेडिऑलॉजीच्या संकेतात माणसाची डावी बाजू चित्रात उजवीकडे असते, दुसऱ्या संकेतात डावीकडेच, आणि चित्राकडे पाहून ते ओळखता येत नाही. रंगपट्टीवर एकक हवं. विद्युत नोंदींना मिलिव्होल्ट आणि मिलिसेकंदांच्या मापपट्ट्या हव्यात. इलेक्ट्रोड किंवा विषाणू कुठे सोडला ते ब्रेग्मा या कवटीवरच्या खुणेपासूनच्या अंतरांसह लिहा आणि तो तिथेच पोचला हे दाखवणारा एक ऊतीचा काप लावा. तो नसेल तर विचारतात.

अक्षरांचा आकार: मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक ८५ च्या वर. तपासायची सोपी युक्ती म्हणजे ए-झिरोचं पोस्टर ए-फोर कागदावर छापणं. लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते, २४ पॉइंटची अक्षरं ६ पॉइंटची होतात. कागद हातात धरून जे वाचता येत नाही, ते बोर्डावरही कोणी वाचणार नाही. सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे ग्राफच्या अक्षांवरचे आकडे. ते सॉफ्टवेअरने दिलेल्या आकारातच राहून जातात.

ग्राफ पडद्याचा फोटो काढून चिकटवू नका. १००० पिक्सेल रुंदीचं चित्र ३० सेंटिमीटर रुंद छापलं तर इंचाला जेमतेम ८५ ठिपके पडतात आणि रेषा फाटलेल्या दिसतात. ग्राफ पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून बाहेर काढा. फोटोंसाठी छापील मापात इंचाला ३०० ठिपके धरा.

क्यूआर कोड किमान चार सेंटिमीटरचा असावा आणि तो फुकट्या मध्यस्थ दुव्यावरून नेऊ नका, असे दुवे मुदत संपली की मरतात. लोकांनी फोटो काढलेले चालणार नसतील तर कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह वरच्या कोपऱ्यात ठेवा.

छपाईसाठी नेहमी पीडीएफ पाठवा, फॉन्ट त्यातच बसवलेले. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा छापल्यावर मंदावतो, म्हणून महत्त्वाच्या आकृतीचा छोटा नमुना आधी छापून पाहा. कापडी पोस्टर घडी घालून बॅगेत जातं, कागदी पोस्टरला नळी लागते पण बारीक रेषा त्यावर जास्त स्वच्छ उठतात. फाईल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा.

बोर्डासमोर

दोन मिनिटांचं बोलणं पाठ नको, पण शंभरदा बोलून झालेलं हवं. आमच्या उदाहरणासाठी ते साधारण असं होईल:

"शिकल्यावर लगेच झोप मोडली तर जागेची आठवण टिकते का, हे आम्ही पाहिलं. पेटीत दोन वस्तू, दुसऱ्या दिवशी एक हलवलेली. हा एकेक ठिपका म्हणजे एकेक उंदीर. झोपलेले इथे, ६४ च्या आसपास. जागे ठेवलेले इथे, ५१ वर, म्हणजे योगायोगाच्या रेषेवर. आता खरा प्रश्न असा, की हा परिणाम झोप न मिळाल्याचा आहे की जागं ठेवण्याच्या ताणाचा? म्हणून तिसऱ्या गटाला आधी झोपू दिलं आणि तेवढेच पाच तास नंतर जागं ठेवलं. तो गट इथे आहे."

बोलताना बोट ठिपक्यावर असू द्या. आपल्या कामातली सगळ्यात मोठी शंका आपणच आधी काढली की समोरचा माणूस परीक्षक राहत नाही, तोही त्या प्रश्नावर विचार करायला लागतो. माझ्या सगळ्यात चांगल्या गप्पा अशाच घडल्या आहेत.

सत्राच्या वीस मिनिटं आधी पोचा. बोर्डाच्या बाजूला उभं राहा, मध्ये नको. फोनमध्ये डोकं घालून उभं राहिलात तर लोक पुढे जातात. कोणी थांबलं की आधी विचारा, "तुम्ही कशावर काम करता?" उत्तरावरून पद्धतीत किती शिरायचं ते कळतं. दोघंतिघं जमले आणि चौथा मध्येच आला, तर एका वाक्यात त्याला सामावून घ्या आणि पुढे चला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका.

उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासलेलं नाही" असं सरळ सांगा आणि समोरच वहीत लिहून घ्या. प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, लॅब. संध्याकाळपर्यंत वीस चेहरे एकमेकांत मिसळून जातात, वही नसेल तर काहीच हाती उरत नाही. कोणी पंधरा मिनिटं अडवून वाद घालत असेल आणि मागे तिघं वाट पाहत असतील, तर "सत्र संपल्यावर सविस्तर बोलूया का?" असं म्हणायला संकोच करू नका. स्वतःचं पाणी जवळ ठेवा. तास-दोन तास सलग बोलून घसा बसतो.

घरी परतल्यावर

आठवडाभरात प्रत्येकाला ईमेल करा, पण ज्याच्याशी जे बोलणं झालं त्याचाच उल्लेख करून. पेपर किंवा प्रोटोकॉल पाठवायचं कबूल केलं असेल तर तो सोबत जोडा. सगळ्या सहलेखकांची संमती असेल तर पोस्टरची पीडीएफ झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. तिथे तिला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो आणि पुढे कोणालाही तिचा संदर्भ देता येतो.

मग वही उघडून लॅबच्या बैठकीत बसा. एकच शंका तीन वेगवेगळ्या माणसांनी काढली असेल तर पेपरचा परीक्षकही ती काढणार, तिच्यासाठी लागणारा नियंत्रण प्रयोग यादीत सगळ्यात वर घ्या.

माझ्या पहिल्या वहीत सगळ्यात वर तो प्राण्यांचा प्रश्न होता. परतल्यावर आम्ही सगळे आकडे प्राण्यांगणिक पुन्हा मांडले आणि आणखी पाच प्राण्यांवर नोंदी घेतल्या, त्याला सात महिने लागले. पोस्टरवरच्या तीन निकालांपैकी दोन टिकले. तिसरा, ज्या ग्राफवर त्याने बोट ठेवलं होतं तो, आम्ही पेपरमधून काढून टाकला.